मुलगी सेसना १७२ वर उडायला शिकणार आहे: अपघातांची यादी पाहून झोप उडालेल्या वडिलांना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी बारावीनंतर सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी फ्लाइंग स्कूलला जाणार आहे. शाळेकडे सेसना १७२ आहेत आणि त्यातलं एक १९७७ सालचं आहे. तुम्ही रात्री नेटवर या विमानाचे अपघात शोधायला बसलात आणि यादी संपेचना. आता तुम्ही विचारताय की एकच इंजिन, पन्नाशीला टेकलेलं विमान आणि एवढे अपघात, तर पोरीला यात बसवायचं का? की कर्ज थोडं वाढवून नवी डायमंड विमानं असलेल्या शाळेत घालायचं? शेवटी जरा संकोचून हेही विचारलंत की तिच्याबरोबर मागच्या सीटवर बसून एकदा जाता येईल का. त्याचंही उत्तर देतो, पण शेवटी.

मी अठ्ठावीस वर्षं इन्स्ट्रक्टर होतो. माझ्या लॉगबुकातले निम्म्याहून जास्त तास १७२ वरचेच आहेत, त्यामुळे या विमानावर माझी माया आहे. तेवढी वजावट धरून पुढचं वाचा.

आधी ती यादी. सेसना १७२ चं उत्पादन १९५६ मध्ये सुरू झालं. १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं ते बंद होतं, तरीही आजवर ४४ हजारांवर विमानं तयार झाली. जगात दुसऱ्या कुठल्याच विमानाचा एवढा आकडा नाही. शिवाय यातली बरीचशी शाळांमध्ये राबतात. पहिल्यांदा स्टिअरिंग धरणाऱ्यांच्याच हातात जी गाडी असते, तिच्या बंपरवर पोचे किती असतील? यादी लांब असण्याचं निम्मं कारण हे आहे. उरलेलं निम्मं ‘अपघात’ या शब्दात आहे. विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत कुणाला ओरखडाही न येता विमानाचा सांगाडा बऱ्यापैकी मोडला, तरी तो अपघातच असतो. विद्यार्थ्यानं नाकावर लँडिंग केलं, विमान बेडकासारखं दोन-तीनदा उसळलं, पुढच्या चाकामागचा पत्रा, म्हणजे फायरवॉल, चुरगळला आणि दोघं खाली उतरून चालत ऑफिसात गेले. ही १७२ च्या यादीतली नेहमीची नोंद. म्हणून यादी वाचताना आधी जखमींचा रकाना बघा, नंतर विमान कुठल्या टप्प्यात होतं ते, मग हवामान आणि मग पायलटचे एकूण तास.

दोन उदाहरणं देतो. तुमच्या यादीत बळींचा सगळ्यात मोठा आकडा २५ सप्टेंबर १९७८ चा, सॅन दिएगोचा असेल: १४४. पीएसए या विमान कंपनीचं बोइंग ७२७ उतरायला येत होतं आणि पुढे खाली एक १७२ सरावाला उडत होतं. बोइंगच्या वैमानिकांना ते आधी दिसलं होतं, नंतर नजरेआड झालं आणि ही गोष्ट त्यांनी कंट्रोलला स्पष्ट सांगितली नाही. बोइंग मागून-वरून त्यावर आदळलं. यात १७२ मध्ये काही खोट होती का? नव्हती, पण नोंद तिच्याही खात्यावर आहे. दुसरं उदाहरण ३१ ऑगस्ट १९६९ चं. अजिंक्य राहून निवृत्त झालेला हेवीवेट बॉक्सर रॉकी मार्सियानो आयोवा राज्यात १७२ मध्येच गेला. रात्र होती, हवा खराब होती आणि वैमानिकाकडे बाहेर न दिसता नुसत्या उपकरणांवर उडण्याचं रेटिंग, म्हणजे तशी पात्रता, नव्हतं. विमान एका झाडावर आदळलं. ही दुसरी जात मात्र लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

आता खरं काय ते. अमेरिकेत छोट्या खासगी विमानांत दर एक लाख उड्डाणतासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात होतो. १७२ चा दर त्या सरासरीच्या बराच खाली आहे. कारण चमत्कारिक नाही. हे विमान हळू उडतं. हवेत राहायला लागणारा किमान वेग, म्हणजे स्टॉल स्पीड, नव्या १७२एस मॉडेलमध्ये फ्लॅप, म्हणजे पंखामागच्या पट्ट्या, खाली उतरवल्यावर सुमारे ४८ नॉट आहे, म्हणजे ताशी ८९ किलोमीटर. एका इंजिनाच्या छोट्या विमानांसाठी अमेरिकी नियमानं वर्षानुवर्षं ही मर्यादा ६१ नॉट ठेवली होती. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे वजन तेच धरलं तर ६१ नॉटनं जमिनीला लागणाऱ्या विमानात ४८ नॉटवाल्याच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा असते. इंजिन बंद पडून ज्वारीच्या रानात उतरायची वेळ आली, तर मधल्या त्या फरकावर माणसं वाचतात. पंख वर आहेत, पेट्रोल टाकीतून इंजिनाकडे आपल्या वजनानं खाली येतं, टाकी निवडायच्या खटक्यावर ‘दोन्ही’ अशी जागा आहे आणि चाकं कायम बाहेरच असतात. विसरण्यासारख्या गोष्टीच कमी ठेवल्या आहेत.

पण कमी म्हणजे शून्य नाही. १७२ मध्ये माणसं दगावतात ती मुख्यतः तीन प्रकारांनी, आणि तिन्हींत इंजिन बहुतेक वेळा ठणठणीत चालू असतं.

पहिला प्रकार शेवटच्या वळणाचा. धावपट्टीला समांतर येऊन आधी एक काटकोनी वळण घ्यायचं, मग दुसरं वळण घेऊन पट्टीसमोर यायचं. मागून वारा असेल तर विमान ढकललं जातं आणि दुसरं वळण उशिरा पडतं. विद्यार्थ्याला दिसतं की पट्टी हातची चाललीय. उंची चारशे-पाचशे फूट. जास्त कलायची भीती वाटते, म्हणून तो नकळत आतल्या बाजूचं रडर पायानं दाबतो, नाक पट्टीकडे ओढायला. नाक त्यानं खाली जायला लागतं, म्हणून हात मागे ओढतो. झालं. आतला पंख आधी दम सोडतो आणि विमान त्या बाजूला गर्रकन उलटतं. वरच्या उंचीवर १७२ यातून सहज बाहेर येतं; वजन ठरावीक मर्यादेत असेल तर त्यावर स्पिनचा, म्हणजे गरगरत खाली जाण्याचा, सरावही करता येतो. पण चारशे फुटांवर उंचीच शिल्लक नसते. फ्लॅप न उतरवता सरळ उडताना १७२एस ५३ नॉटला स्टॉल होतं, ४५ अंश कलल्यावर ६३ ला आणि ६० अंशांवर ७५ ला. हे आकडे पोरं परीक्षेसाठी घडाघडा म्हणतात. पायाला मात्र ते कळायला वेळ लागतो. मी शिकवायचो ते एवढंच: पट्टी चुकली तर चुकू दे, सरळ हो, पॉवर दे, पुन्हा फेरी मार. गो-अराउंडला कुणी हसलं तर त्याचं नाव मला सांग. एका पोरीनं पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकटीनं उडायच्या, दिवशी सलग तीनदा गो-अराउंड केलं. टॉवरखाली उभे असलेले बाकीचे कुजबुजत होते आणि मी मनात म्हणत होतो, हिची काळजी मिटली.

दुसरा प्रकार मार्सियानोचा: नजरेच्या आधारानं उडणारा वैमानिक ढगात शिरतो. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात वीस वैमानिकांवर एक प्रयोग झाला. त्यांना उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नव्हतं. बाहेरचं दिसणं बंद केल्यावर विसांपैकी विसांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण सरळ आहोत आणि विमान मात्र वळत वळत खाली जात असतं. आपल्याकडे जून-जुलैमध्ये सह्याद्रीच्या कडेनं जाताना समोर पांढरी भिंत येते, तेव्हा मागे वळण्याचा निर्णय भिंत दोन-तीन मैलांवर असताना घ्यावा लागतो. ‘थोडं पुढे जाऊन बघू’ या वाक्यानं जितके लोक मेलेत तितके कुठल्या नटबोल्टनं मेले नसतील. आता हा दोष विमानाचा म्हणायचा का?

तिसरा प्रकार पेट्रोलचा: एकतर संपणं किंवा त्यात पाणी असणं. यातलं एक दृश्य सांगतो. पावसाळ्यात दोन दिवसांच्या झडीनंतर उघाडीची सकाळ होती. विमान रात्रभर बाहेर उभं होतं. उड्डाणाआधी प्रत्येक टाकीच्या तळातून पारदर्शक पेल्यात थोडं पेट्रोल काढून बघायचं असतं. पाणी जड, ते तळाला बसतं आणि मधे रेघ दिसते. विद्यार्थ्यानं पेला भरला, उजेडाकडे धरला आणि म्हणाला, ‘‘सर, एकदम क्लीन.’’ खरंच रेघ नव्हती, कचरा नव्हता. पण विमानाचं हे पेट्रोल, हंड्रेड लो लेड, फिकट निळं असतं. त्याच्या पेल्यात निळा रंगच नव्हता. पेला काठोकाठ पाण्याचा होता. जुन्या सेसनाच्या टाकीची झाकणं पंखाच्या पातळीत सपाट बसतात. रबर कडक झालं की पाऊस तिथून आत झिरपतो. त्या दिवशी निळं पेट्रोल यायला किती पेले ओतावे लागले ते मोजलं नाही, पण बाराच्या वर असावेत. शेवटी एएमईला, म्हणजे मेंटेनन्स इंजिनियरला बोलावलं, झाकणाचं रबर बदललं आणि ते उड्डाण रद्द केलं. तो मुलगा आज मोठ्या विमानांचा कॅप्टन आहे आणि अजून पाण्याचा ग्लास उचलला की मला चिडवतो. नव्या १७२ मध्ये कंपनीनं असे तेरा ड्रेन दिलेत, दोन्ही पंखांना पाच-पाच आणि खाली तीन. पोरं कंटाळतात. कंटाळू देत.

आता एकच इंजिन. तुमची मुख्य भीती हीच दिसते आणि ती साहजिक आहे. इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं पडत नाही. १७२ तरंगत खाली येतं. हजार फुटांवरून वारा नसताना साधारण दीड सागरी मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर जातं आणि सव्वा ते दीड मिनिट मिळतं. तेवढ्यात वेग धरायचा, रान निवडायचं, पेट्रोलचे खटके तपासायचे, रेडिओवर सांगायचं. मी हे आधी न सांगता, कुठल्याही क्षणी थ्रॉटल मागे ओढून करायला लावायचो, कधी कधी मुलगा घरच्या डब्याबद्दल बोलत असताना. अवघड असतं ते टेकऑफनंतर लगेच इंजिन जाणं. तेव्हा मागे वळून पट्टीवर यायचा मोह होतो आणि वर सांगितलेलं तेच वळण तिथे घात करतं. म्हणून प्रत्येक टेकऑफआधी मोठ्यानं बोलायचं: अमुक फुटांखाली इंजिन गेलं तर सरळ पुढे, थोडं डावीकडे-उजवीकडे, बस. दोन इंजिनं असती तर? छोट्या दोन इंजिनी विमानात एक गेलं की विमान एका बाजूला ओढलं जातं आणि वेग कमी पडला तर ते उलटतंसुद्धा. आमच्यात जुना विनोद आहे की दुसरं इंजिन तुम्हाला फक्त अपघाताच्या जागेपर्यंत पोचवतं. विनोद थोडा अन्यायकारक आहे, पण शिकाऊ माणसाच्या बाबतीत फारसा खोटा नाही.

वयाचा मुद्दा मात्र तुम्ही बरोबर काढलात, आणि इथे ‘बघावं लागेल’ हेच उत्तर आहे. १९७७ चं १७२ म्हणजे बहुधा ‘एन’ मॉडेल. त्या मॉडेलला लायकमिंगचं १६० अश्वशक्तीचं एक इंजिन यायचं, ओ-३२०-एच२एडी. त्याच्या कॅम आणि टॅपेटच्या झिजेनं तेव्हा बऱ्याच मालकांना रडवलं. शिवाय या मॉडेलमध्ये दोन मॅग्नेटो एकाच खोक्यात, एकाच दांड्यावर फिरतात. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र. ती दोन असतात ती एक गेली तर दुसरी असावी म्हणून. दांडाच एक असेल तर ती सोय अर्धीच राहते. पुष्कळ विमानांत हे इंजिन नंतर बदललं गेलंय. म्हणून शाळेत विचारा: इंजिन कुठलं, ओव्हरहॉलनंतर किती तास झाले? लायकमिंगची शिफारस साधारण दोन हजार तासांची असते.

या मॉडेलचे फ्लॅप चाळीस अंशांपर्यंत उतरतात. उतरताना मजा येते, पण तेवढे फ्लॅप खाली ठेवून गो-अराउंड मारायला गेलात तर विमान चढायला तयार होत नाही, वरून कुणी धरून ठेवल्यासारखं. सेसनानं १९८१ च्या ‘पी’ मॉडेलपासून मर्यादा तीस अंशांवर आणली. मी ‘एन’ वरही मुलांना तीसच्या पुढे जाऊ देत नसे.

कार्ब्युरेटर हा तिसरा मुद्दा. जुन्या १७२ मध्ये कार्ब्युरेटर, १९९६ नंतरच्यांमध्ये फ्युएल इंजेक्शन. कार्ब्युरेटरमध्ये हवा पातळ होऊन इतकी गार पडते की बाहेर पंचवीस अंश असतानाही आत बर्फ धरतो. हवेत ओल मात्र हवी. म्हणजे आपला पावसाळा. पट्टीला समांतर उडताना एकदा माझ्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की आरपीएम हळूहळू उतरतायत. त्यानं बरोबर कार्ब हीटचा, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा, दांडा ओढला. त्याबरोबर इंजिन खोकायला लागलं, कारण वितळलेला बर्फ पाणी होऊन सिलिंडरमध्ये जात होता. पोरगा घाबरला आणि दांडा परत आत ढकलायला गेला. मी त्याचा हात धरून ठेवला. पाच-सहा सेकंद इंजिन कुरकुरलं, मग मोकळं झालं. ते पाच-सहा सेकंद शांत बसायला शिकवणं हे इन्स्ट्रक्टरचं काम.

आणि सीट. हे ऐकून लोक हसतात. सेसनाच्या पुढच्या सीटा रुळांवर सरकतात आणि एका पिननं अडकतात. भोकं झिजली की टेकऑफला नाक उचललं की सीट घसरत मागे जाते, आणि हातात धरलेलं योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंगही बरोबर ओढलं जातं. नाक आणखी वर, विमान स्टॉल. यानं माणसं मेली आहेत. १९८७ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्यानं रूळ आणि पिना ठरावीक तासांनी तपासायचा सक्तीचा आदेश काढला आणि पुढे सीट मागे जाऊ नये म्हणून जादा अडकणही आलं. शाळेत गेलात की मुलीला सीटवर बसवा, अडकवायला सांगा आणि पाठीनं जोरात मागे रेटायला सांगा. खांद्यावरचा पट्टाही बघा. अमेरिकी नियमानं पुढच्या सीटांना तो १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या छोट्या विमानांत सक्तीचा झाला, तुमचं विमान त्याआधीचं आहे. नुसता कमरेचा पट्टा असेल तर मी त्या विमानात पोरीला बसू देणार नाही.

एवढं सगळं नीट असेल तर पन्नाशीला टेकलेलं धडही बिनघोर उडतं. जुन्या विमानांच्या गंजाच्या आणि तड्यांच्या जागा कुठल्या, कधी तपासायच्या, याची पूरक पुस्तिका सेसनानंच काढलीय. ती तपासणी झालीय का, हा प्रश्न विचारलात तर शाळेचा एएमई तुमच्याकडे जरा निराळ्या नजरेनं बघेल. त्याचा चेहरा खुलला तर शाळा चांगली.

आता डायमंड. त्यांच्या डीए४० या एका इंजिनाच्या विमानाचा जीवघेण्या अपघातांचा दर १७२ पेक्षाही कमी आहे, हे कबूल करायला मला जड जात नाही. धड काँपोझिटचं आहे, पंखातल्या धातूच्या टाक्या दोन तुळयांच्या मधे सुरक्षित बसवल्यात, त्यामुळे आदळल्यावर आग कमी लागते. पण यंत्र एकटं किती पुरतं याचा धडा सिरसनं दिला. १९९८ मध्ये प्रमाणित झालेलं ते विमान, अख्खं विमान खाली आणणारं पॅराशूट घेऊन आलं. सगळ्यांना वाटलं आता प्रश्न मिटला. पहिली काही वर्षं त्याचा रेकॉर्ड उलट निराशाजनक होता. लोक पॅराशूट ओढतच नव्हते, किंवा ते आहे म्हणून नको त्या हवेत जात होते. मालकांच्या संघटनेनं आणि कंपनीनं प्रशिक्षण बदललं, कधी ओढायचं ते हाताला शिकवलं, तेव्हा दर खाली आला. पॅराशूट तेच होतं.

त्यामुळे कर्ज वाढवायचं असेल तर विमानासाठी वाढवू नका, शाळेसाठी वाढवा. नवी डायमंड असलेली ढिसाळ शाळा आणि जुनी १७२ असलेली कडक शाळा यात मी डोळे मिटून दुसरी निवडीन. शाळा कडक आहे हे ओळखायचं कसं? फीबद्दल बोलून झालं की ऑफिसातून बाहेर पडा आणि सकाळी साडेसहा-सातला हँगरसमोर तासभर उभे राहा. पेल्यात पेट्रोल काढून कोण बघतंय? टाकीत काठी घालून पेट्रोल मोजतायत, की सेसनाच्या काट्यावर विश्वास ठेवतायत? तो काटा बघून मी माझ्या स्कूटरलाही पेट्रोल भरणार नाही. मग एखाद्या सीनियर विद्यार्थ्याला चहाला न्या आणि विचारा, तू शेवटचा स्नॅग कधी लिहिलास? स्नॅग म्हणजे विमानातला बिघाड वहीत नोंदवणं. जिथे मुलं स्नॅग लिहायला घाबरतात, कारण विमान ग्राउंड होईल आणि सगळ्यांचे तास बुडतील, तिथून निघा. सोलो विद्यार्थ्यासाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा किती ठेवलीय, हेही विचारा. १७२ ची पुस्तिका पंधरा नॉटच्या आडव्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवल्याचं सांगते, पण ते कसलेल्या वैमानिकानं दाखवलेलं. विद्यार्थ्याला शाळेची मर्यादा त्याच्या खूप खाली हवी, आणि ती इन्स्ट्रक्टरला न अडखळता सांगता आली पाहिजे.

एक गोष्ट तुमच्या बाजूची. परवान्याला दोनशे तास लागतात. पावसाळा, धुकं, बिघडलेली विमानं यात महिने निघून जातात आणि व्याज चालू राहतं. दर रविवारी फोनवर ‘किती तास झाले?’ हा प्रश्न आला की पोरं हवा बघायच्या आधी तास बघायला लागतात. माझ्याकडे एक मुलगा घरचा फोन ठेवून तडक डिस्पॅचला आला होता, समोर क्षितिजावर काळं दिसत असताना विमान मागायला. मी दिलं नाही, तो दोन दिवस बोलला नाही. तेव्हा फोनवर विचारायचंच असेल तर ‘या आठवड्यात कुठलं उड्डाण रद्द केलंस?’ असं विचारत जा. आणि काहीही झालं तरी ‘आपल्या गावावरून ये, आजीला विमान दाखव’ असं गमतीतही म्हणू नका. गावावरून जायचं म्हणजे पोरं खाली येतात, नजर घराकडे असते आणि विजेच्या तारा वरून दिसत नाहीत.

राहिला तुमच्या मागच्या सीटचा प्रश्न. परवाना झाल्यावर, शाळेनं परवानगी दिली तर जरूर जा. पण चार सीटा आहेत म्हणजे चार माणसं बसतात असं नाही. १७२एन चं जास्तीत जास्त वजन १०४३ किलो. रिकामं विमान रेडिओ वगैरे धरून ६६० च्या आसपास भरतं. टाक्या भरल्या की वापरता येणारं पेट्रोल सुमारे १०९ किलोचं. उरले २७४. पंचाहत्तर किलोचे चार जण म्हणजे तीनशे, बसत नाहीत. तुम्ही, मुलगी आणि एक इन्स्ट्रक्टर आरामात बसता, मुलीच्या आईला दुसऱ्या फेरीला घ्या. पहाटेचं उड्डाण मागा. मे महिन्याच्या दुपारी नागपुरात ४४ अंश असले की तिथली हवा इतकी विरळ होते की ३१५ मीटरवरच्या पट्टीवरून विमान महाबळेश्वरच्या माथ्यावरून उठल्यासारखं रखडत चढतं. मुलगी कागदावर वजनाचा हिशेब करताना तुम्हाला किलो विचारेल, तेव्हा दहा वर्षांपूर्वीचा आकडा सांगू नका. माझ्या विद्यार्थ्यांबरोबर आलेल्या बापांपैकी निम्मे तरी हाच आकडा चोरायचे, त्यामुळे मी ऑफिसच्या दारात वजनकाटा ठेवला होता.